पाटकरी काकांची बारी

दुकानात चिटपाखरू नसलं तरी पाटकरी काका बाहेरच उभे राहायचे आणि विचारायचे, "कोनाची बारी हाय?"

"अहो काका, दिसतंय का कोणी? या की आत!"

"तसं न्हाई ताई. इचारल्यालं बरं."

नगर जिल्ह्यातल्या राहात्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, पत्रिका, प्रतिज्ञापत्रं, दिवसभर हेच. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, गिरणीत डबा रांगेत ठेवून डब्याशेजारी स्वतःही उभा राहणारा. काकांनी सगळी नोकरी पाटाच्या पाण्यावर काढली. कोणत्या चारीचं, म्हणजे पाटाच्या फाट्याचं, दार कधी उघडायचं, कोणाच्या रानात किती तास पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातात होतं. "ज्याची बारी, त्याचं पानी," एवढाच त्यांचा कायदा. एका उन्हाळ्यात चारीच्या पार टोकाला त्यांचा स्वतःचा ऊस वाळून गेला, आणि दाराची किल्ली खिशात होती! काकू महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

"भाकर मातर येळंवर वाढायची," काका हसत सांगायचे. "तिची बारी कदी चुकली न्हाई."

रिटायर झाल्यावर या माणसानं चक्क कादंबरी लिहिली. पाच जाडजूड वह्या. ती टाइप करता करता माझ्या डोक्याला नुसता ताप झाला, कारण काका प्रत्येक ओळ शेजारी बसून ऐकायचे. कादंबरी पुढच्या काळातली. सगळं पाणी एका कंपनीनं कुलपात घातलंय, अंगठा लावला की माणशी पेलाभर मिळतं. नायक अर्थातच पाटकरी. शेवटी त्याची लेक तहानेनं मरायला टेकते आणि नेमकी तेव्हाच कंपनीच्या दाराची किल्ली त्याच्या हाती लागते. तो दार उघडतो, लेकीला कडेवर घेतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो.

मी टाइप करायची थांबले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"अहो, पाजा की तिला आधी!" मी त्यांच्यावरच खेकसले.

"मीबी रडलो लिवताना," काका म्हणाले. "पन आदी हिला पाजलं, तर मंग कंपनीत आन् ह्याच्यात फरक काय ऱ्हायला?"

पुस्तक निघालं, थोड्याफार लोकांनी वाचलं, आणि एके दिवशी मुंबईहून सिनेमावाले दारात हजर. काकांची अट एकच. "बाकी काय बी करा. शेवटाला त्यो रांगंत उभा ऱ्हायला पायजे." सिनेमावाले म्हणाले, नक्की. करार इंग्रजीत होता. काकांनी तो माझ्यापुढं ठेवला.

"ताई, तुमी वाचा. तुमी सांगताल तितं सही करतो."

मी वाचला. चौथ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की शेवटासकट काहीही बदलायचा हक्क त्यांचा.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आदल्या दिवशी त्यांच्यातला एकजण मला एकटीला भेटून गेला होता. "मॅडम, भाषेवर तुमचाच हात फिरलेला दिसतोय. पडद्यावर तुमचं नाव टाकू. काकांची सही तेवढी बघा." झालं, चढले मी हरभऱ्याच्या झाडावर.

"नेहमीचाच मजकूर आहे काका," मी म्हणाले. "करा सही."

त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

सिनेमा आला तेव्हा आम्ही तिघं नगरच्या थेटरात दुपारच्या खेळाला गेलो. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, काकूंनी ठेवणीतलं लुगडं. पडद्यावर त्यांचा पाटकरी चालत्या ट्रकवरून उडी मारून आला, दोन्ही हातांत बंदुका. धडाधड माणसं पडली. मग त्यानं रांगेतल्या एका म्हातारीला ढकललं, तिची कळशी हिसकावली आणि लेकीच्या तोंडाला लावली. थेटरात शिट्ट्यांचा नुसता पाऊस.

"ह्यो माजा न्हाई," काका पुटपुटले. काकूंनी त्यांचा हात धरला. "फशिवलं आपल्याला, ताई. कागदावर लिवून घ्यायला पायजे हुतं. माजंच चुकलं."

तेवढ्यात नावं सुरू झाली. 'कथाविस्तार', आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव. काकांचं त्याच्यानंतर आलं, बारीक अक्षरांत.

काकांनी ते वाचलं. मग माझ्याकडं वळले.

"ताई, शेवट बदलायचं त्या कागदात हुतं?"

"होतं."

"तुमी वाचलं हुतं?"

"हो, काका."

त्यांनी नुसती मान हलवली. चार शिव्या दिल्या असत्या, काकूंनी एक थोबाडीत मारली असती, तरी मला बरं वाटलं असतं. परतीच्या एसटीत ते दोघं पुढच्या सीटवर बसले होते. मी मागं बसून काकांच्या टोपीकडं, काकूंच्या पदराकडं बघत राहिले आणि मला माझीच किळस आली.

त्यानंतर काका दुकानात आले नाहीत. परवा समोरच्या टायपिंगवाल्याकडं ते दिसले, काखेत नवीकोरी वही. त्यांच्यापुढं चारजण होते, ऊन मी म्हणत होतं. माझं दुकान रिकामं होतं. मला राहवलं नाही, मी रस्त्यावर येऊन हाक मारली.

"काका, इकडं या की! माझ्याकडं कोणीच नाही."

त्यांनी वळून पाहिलं. राग नव्हता हो, तेच तर वाईट.

"न्हाई ताई," ते म्हणाले. "माजी बारी हितं हाय."

आणि वही दुसऱ्या काखेत घेऊन ते पुढच्या माणसाच्या मागं सरकून उभे राहिले.