प्रश्नचिन्हांचं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण? — हिंगोलीच्या स्टँडवर एक कप चहा संपेपर्यंत तीन वाघ मारणारा माणूस. साध्या शिंकेचं वादळ करून सांगणारा. हीच एक गोष्ट तेवढी गिळून बसलो.

एका खासगी नर्सिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर बघतो. प्रवेशाच्या मुलाखतीचे मेल पोरींना आपोआप जावेत म्हणून प्रोग्राम लिहिला. अख्ख्या मराठवाड्यात असा दुसरा नाही, असं चहावाल्यालाही ऐकवलं. पत्र अस्सल मराठीत, तारखेचे आकडेसुद्धा मराठी. फक्त — अक्षरं यूटीएफ-८ मध्ये पाठव, ही ओळ लिहायची राहिली. एक ओळ! ती नसली की प्रोग्रामला इंग्रजीच तेवढं कळायचं. मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मग आधी तपासलं नव्हतं का? तपासलं की! स्वतःलाच मेल धाडला — ‘नमस्कार’, पण इंग्रजी अक्षरांत. मोबाइलवर आपण सगळे तसंच तर लिहितो. झकास पोचला.

पोरींचे फोन यायला लागले तेव्हा कळलं. त्यांना तारीख तोंडी सांगितली. उरलेल्याही करतीलच — असं धरून बसलो. मीच का नाही लावले फोन? चूक झाली म्हणावं लागलं असतं ना!

मुलाखती संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून सुषमा आली, वडिलांसोबत. प्रश्नचिन्हं बघून मोबाइलच बिघडला समजून त्यांनी तो दुरुस्तीला टाकला होता; तेवढ्यात तारीख निघून गेली. वडिलांनी रुमालातून फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“सर, हा माझा जुना फोन. म्याच पोरीला दिलता. ह्याच्यामुळंच झालं का?”

प्राचार्या शेजारच्याच खोलीत होत्या. दहा पावलं. चूक माझी आहे, हिची मुलाखत घ्या — एवढंच म्हणायचं होतं.

“व्हय काका,” मी म्हणालो. “जुन्या फोनला मराठी झेपत न्हाई.”

“म्या म्हणलं नव्हतं का बाबा, डबडं हाय म्हणून?” सुषमा सगळ्यांदेखत कडाडली. वडील फोन परत रुमालात बांधत राहिले. गाठ बसेना.

ते जीपकडे वळले आणि मी ती ओळ लिहिली. मिनिटसुद्धा लागलं नाही. संध्याकाळी प्राचार्यांनी विचारलं, गोरेगावची मुलगी का नाही आली? काय माहीत मॅडम, म्हणालो.

तिचा प्रवेश हुकला. पुढं काय झालं, मी विचारलंच नाही.

तो फोन धड होता.