नव्या प्लगला माशाचं तेल

मंडळी, डहाणूच्या वखारीबाहेरच्या या फळ्यावर रोज लाकडाची आवक लिहितात. आज ती पुसून मी माझा संताप लिहितोय. ज्याला दुसऱ्याच्या हत्यारांना हात लावायची खाज आहे, त्याने दोनदा वाचावं.

आगर गावात वाऱ्याने सुरूचं झाड एका होडीवर पडलं होतं. भरतीआधी ते कापलं नाही तर होडीचा चुरा होणार, म्हणून मला इंजिनाच्या करवतीसकट बोलावलं. असली करवत तिथे कुणी पाहिली नव्हती.

करवत चालूच होईना. इंजिनातल्या प्लगचं टोक झिजलेलं. नवा प्लग होडीच्या फळीवर ठेवून मी जुना काढायला वाकलो. मग घाईत न बघताच नवा बसवला, दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, तरी ढिम्म! पाणी होडीला लागलं आणि गर्दी दात काढत होती, "डहाणूची करवत आगरात नुसती खोकते!"

प्लग परत काढला, तर तेल गळतंय! होडीचे मालक धर्माकाका शांतपणे म्हणाले, "मीच चोपडलं. खाऱ्या वाऱ्यात नवं लोखंड कोरडं ठेवतात का रे?"

अहो, ठिणगी पडायच्या जागी माशाचं तेल? मी नको नको ते बोललो. पेट्रोलने प्लग धुतला, झाड कापलं, होडी वाचली. मी त्यांच्याकडे न बघता निघालो.

आत्ता इथे पिशवी उघडली. मी रागाने वाळूत भिरकावलेला जुना प्लग आत होता. पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळलेला.

सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?