चेस्टरच्या हातचं पत्रक

मिस्सेत, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसादाच्या थोडं आधी फादर म्हणतात, "एकमेकांना शांती द्या," आणि आम्ही सगळे आजूबाजूला वळून हात मिळवतो. बहुतेकांच्या लेखी तो अर्ध्या मिनिटाचा उपचार असतो. कुणी हात मिळवता मिळवता घड्याळही बघून घेतं. चेस्टर ग्रबोव्स्कीच्या मात्र अख्ख्या आठवड्यात दुसऱ्या माणसाचा हात हाताला लागायचा तो तेवढाच. त्याची बायको फ्लॉरेन्स जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ॲरिझोनात, नाताळला फोन करणारा.

मी वर माळ्यावर ऑर्गन वाजवते. फादर कधी उभे राहतात ते कळावं म्हणून ऑर्गनवर एक आरसा लावलाय. त्यात फादर कमी दिसतात आणि खालच्या बाकांवरची डोकीच जास्त. कोण पेंगतंय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं दिसतं. आमच्या सेंट हेडविग चर्चमध्ये माझ्याइतकी माहिती फादरांनाही नसेल, आणि त्यांना तर लोक येऊन पापं सांगतात.

चेस्टरच्या मागच्या बाकावर युजीन हलुस्का बसायचा. दोघं एकाच पोलाद कारखान्यात होते, कारखाना बंद पडेपर्यंत. तिथंच युजीनची दोन बोटं गेली. शांती द्यायची वेळ आली की तो उरलेल्या तीन बोटांनी चेस्टरचा पंजा असा आवळायचा की मला वरून त्याचा खांदा उडालेला दिसायचा.

"शांती घे रे, चोरा," युजीन म्हणायचा.

"आधी माझी शिडी परत आण," चेस्टर म्हणायचा.

ती शिडी कोणत्या काळी नेली होती देव जाणे. पण रविवारचं हे बोलणं चुकायचं नाही, आणि चेस्टर त्यावर आठवडा काढायचा. हे मी उगाच म्हणत नाही, त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. वर म्हणाला, "हसू नकोस हं, रीटा."

चर्चमधलं त्याचं काम म्हणजे लोकांना बाकांवर बसवणं, लांब दांड्याची टोपली फिरवणं, प्रसादाच्या वेळी एकेक बाक उठवून रांगेत सोडणं आणि शेवटी आपण जाणं. शिवाय शनिवारी दुपारी चर्चच्या साप्ताहिकाच्या घड्या घालायच्या आणि आत जे काही जोडपत्र असेल ते सरकवायचं. रविवारी दारात उभं राहून तो ते वाटायचा. युजीनची बायको पेग उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती. तिच्यासाठी तो एक प्रत बाजूला काढून कोपऱ्यात पेन्सिलीनं 'पेग' असं लिहायचा आणि युजीनच्या हातात द्यायचा. पेग ते साप्ताहिक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, अगदी गटार दुरुस्तीवाल्याच्या जाहिरातीसकट.

ते वर्ष निवडणुकीचं होतं. मिस्सेनंतर तळघरातल्या सभागृहात कॉफी आणि डोनट असतात. तिथं आता दोन टेबलं पडली होती. एका टेबलावर गर्भपाताविषयी, पोटातल्या बाळांविषयी बोलायचे, दुसऱ्यावर कोंबडीच्या कारखान्यातल्या परदेशी मजुरांविषयी, ज्यांची दुपारची स्पॅनिश मिस्सा आमच्या मिस्सेपेक्षा जास्त भरते. दोन्ही टेबलं पोपचीच वाक्यं सांगायची, फक्त प्रत्येकाची वाक्यं वेगळी. कोणत्या बिशपनं काय पत्र काढलं, कोणत्या वाहिनीवर कोण काय बोललं, कुणाच्या अंगणात कुठली पाटी लागली, हेच चालायचं. मला दोन्ही टेबलांचा वैताग आला होता. कॉफी मात्र दोघांचीही मलाच करावी लागायची.

चेस्टर दोन्ही टेबलांच्या मध्ये उभा राहून डोनट खायचा. कुणाला मत देणार, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "ते मी फ्लॉरेन्सलासुद्धा कधी सांगितलं नाही. तुला काय सांगू?"

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बर्नडेट स्कारबेकनं घड्या घालायच्या टेबलावर पत्रकांचा एक गठ्ठा आणून ठेवला. बर्नडेट म्हणजे पहिल्या टेबलाची पुढारी. बाई वाईट नाही, पण स्वर्गाच्या किल्ल्या आपल्याच पर्समध्ये आहेत असं तिला वाटतं. पत्रकाच्या वरच्या पानावर निळ्या वस्त्रातली मरियामाता होती. ऑक्टोबर आमचा जपमाळेचा महिना. चेस्टरनं माता पाहिली आणि जपमाळेचंच काहीतरी असणार असं गृहीत धरलं. फादरांच्या सहीशिवाय साप्ताहिकात काही घालायचं नाही, हा नियम त्याला पाठ होता. पण मरियामातेच्या चित्राखाली सही कोण बघतो? त्यानं सगळी पत्रकं आत सरकवली. पेगच्या प्रतीतही.

आतल्या पानावर लिहिलं होतं की त्या दुसऱ्या पक्षाला मत देणं हे घोर पाप आहे, आणि ते करणाऱ्यानं ख्रिस्तप्रसादाला हात लावू नये.

त्या रविवारी तळघरात कॉफी थंड झाली आणि माणसं तापली. फादर ओबिओरा नायजेरियाचे, आवाज कधी न चढवणारे. पुढच्या रविवारी तेही वेदीवरून कडाडले. "हे पत्रक चर्चचं नाही. मी ते पाहिलेलं नाही. फाडून टाका." दुसरं टेबल चेस्टरशी बोलेनासं झालं. पहिल्या टेबलावरून बर्नडेट त्याच्या पाठीवर थाप मारायला आली. जुनी माणसं त्याला चेट म्हणतात.

"शाब्बास, चेट! एकानं तरी हिंमत दाखवली."

"मी वाचलंच नव्हतं गं," चेस्टर म्हणाला.

"म्हणजे? वाचलं असतंस तर वाटलं नसतंस?"

"फादरांना विचारलं असतं."

बर्नडेटनं थाप मारलेला हात पर्सवर ठेवला आणि ती निघून गेली. झालं. आता तो इकडचाही नव्हता आणि तिकडचाही. लोक त्याच्या हातून साप्ताहिक घ्यायचे आणि त्याच्या देखत आतून झटकून बघायचे.

पण चेस्टरला लागलं ते वेगळंच. युजीन उठून मधल्या वाटेच्या पलीकडे, संत जोसेफच्या पुतळ्याजवळ बसायला लागला. पहिल्या रविवारी शांती द्यायच्या वेळी चेस्टर सवयीनं मागं वळला. बाक रिकामा. मी आरशात पाहिलं, त्याचा हात पुढं आलेला होता. मग त्यानं तो बाकाच्या पाठीवर ठेवला आणि धूळ पुसल्यासारखं केलं. मला रडू आलं आणि पुढच्या गीताचा सूर चुकला.

निवडणूक झाली. कोण जिंकलं ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यानं आमच्या तळघरातली टेबलं काही जुळली नाहीत. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी पेग वारली. अंत्यविधीला चेस्टर चर्चच्या दाराची दोन्ही कवाडं धरून उभा होता. शवपेटीमागून युजीन आला. चेस्टरनं हात पुढं केला. युजीन मान खाली घालून तसाच आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी चेस्टरला सूप नेऊन दिलं. तो टीव्ही बंद करून टीव्हीसमोरच बसला होता.

"एका मतावरून माणूस इतका तुटतो का गं, रीटा?"

"तुटतो. माझ्या दोघी बहिणी थँक्सगिव्हिंगला एका घरात जेवत नाहीत."

"पण त्याला तर माझं मत माहीतच नाही."

"मग जा आणि त्याला विचार. इथं बसून मला काय विचारतोस?"

तो गेला नाही. सगळा हिवाळा तसाच गेला. जानेवारीत तापाची साथ आली म्हणून फादरांनी हात मिळवणं बंद करून नुसती मान लववायला सांगितली. तेवढे दिवस चेस्टरला बरं गेलं. कुणाचाच हात कुणाला लागत नव्हता, त्यामुळे त्याचं एकटेपण उघडं पडत नव्हतं. साथ सरली आणि तो पुन्हा रिकाम्या बाकाकडे वळून उभा राहू लागला. वळू नये एवढं त्या माणसाला जमेना.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून आमच्या तळघरात तळलेला मासा असतो. अर्धं गाव जेवायला येतं. मी वाढपाच्या खिडकीत उभी राहून कोबी-शेवया वाढते. एका शुक्रवारी युजीन खिडकीजवळच्या टेबलावर एकटाच जेवत बसला होता. चेस्टर ताट घेऊन आला, क्षणभर थांबला आणि सरळ जाऊन त्याच्यासमोर बसला. मी वाढता वाढता कान दिला. खोटं कशाला बोलू?

"युजीन, मी ते वाचलं नव्हतं," चेस्टर म्हणाला.

"माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू कधी काय वाचतोस?"

"मग माझ्यावर राग कसला? मी कुणाला मत दिलं, तुला ठाऊक तरी आहे का?"

"तुझ्या मताला काय चाटायचंय मला?" युजीननं काटा खाली ठेवला. "पेगनं आधीच टपालानं मत दिलं होतं. सप्टेंबरातच. आयुष्यभर ज्यांना दिलं त्यांनाच. मग तुझं ते साप्ताहिक आलं. वर तुझ्या अक्षरात तिचं नाव. तिला वाटलं, चेट नाव घालून पाठवतो म्हणजे चर्चच सांगतंय."

चेस्टरनंही काटा खाली ठेवला.

"दर रविवारी चर्चमधली एक बाई आमच्या घरी प्रसाद घेऊन यायची. पेग तोंड मिटून घ्यायची. म्हणायची, मी पापात आहे. मी सांगून थकलो. मला म्हणायची, तुला काय कळतं, छापून आलंय. शेवटी मी फादरांना बोलावून आणलं. त्यांनी समजावलं, ते फाडून दाखवलं, तेव्हा कुठं ती रडली आणि हो म्हणाली." युजीननं ताट बाजूला सारलं. "तोवर तिला गिळता येत नव्हतं. फादरांनी कपाळाला शेवटचं पवित्र तेल लावलं. प्रसाद तसाच परत नेला."

युजीन उठून गेला. चेस्टरचा मासा ताटात तसाच राहिला. मी तो उचलायला गेले तर म्हणाला, "राहू दे, खातो." पण खाल्ला नाही.

त्या रविवारी त्यानं सगळे बाक एकेक करून प्रसादाला सोडले, शेवटचा बाकही सोडला आणि स्वतः मात्र जागेवर जाऊन बसला. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. पुढच्या रविवारीही तेच. मिस्सेनंतर मी त्याला जिन्याखाली गाठलं.

"का रे, प्रसादाला का जात नाहीस?"

"तिला मिळाला नाही. मग मी कशाला?"

"पापकबुली दे आणि मोकळा हो."

"दिली. फादर म्हणाले, हे पाप नाही, चूक आहे, प्रसादाला ये."

"मग?"

"चूक तर चूक. मी नाही जात."

असल्या हट्टाला काय करायचं? मी चिडले, त्याला गाढवही म्हणाले. तो ऐकून घेऊन टोपल्या कपाटात ठेवायला गेला. पूर्वी निदान आठवड्याचं अर्धं मिनिट तरी त्याचं होतं. आता त्यानं देवाकडचंही सोडलं होतं.

ईस्टर आला. ईस्टरला तरी कॅथलिक माणसानं प्रसाद घ्यावाच, असा आमचा दंडक आहे. चर्च खच्चून भरलं होतं, एरवी न फिरकणारेही आले होते. शांती द्यायच्या वेळी चेस्टरच्या मागच्या बाकावर कुणाची तरी नातवंडं होती. त्यानं त्यांच्याशी हात मिळवले. मग त्यानं बाक सोडायला सुरुवात केली. शेवटचा बाक सोडून तो आपल्या जागेवर जाऊन बसला. मी वाजवत होते आणि आरशात बघत होते.

युजीन प्रसाद घेऊन परत येत होता. मधल्या वाटेत चेस्टरच्या बाकाशी थांबला. त्याच्या तोंडात प्रसाद होता, त्यामुळे तो बोलला नाही. त्यानं वाकून चेस्टरला कोपराला धरलं आणि उठवलं. चेस्टरनं मान हलवली. युजीननं कोपर सोडलं नाही. मागची माणसं खोळंबली. शेवटी चेस्टर उठला आणि दोघं पुन्हा रांगेत शिरले, युजीन पुढं.

मी वाजवायची थांबले. वाजवायला हवं होतं, पण थांबले. म्हणून चर्चमध्ये शांतता झाली आणि पुढचं सगळ्यांना ऐकू आलं.

एकदा घेतलेला माणूस पुन्हा प्रसाद घेत नाही. फादरांसमोर आल्यावर युजीननं छातीवर हातांची फुली केली, म्हणजे मला नको, नुसता आशीर्वाद द्या. फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग युजीन बाजूला झाला आणि चेस्टरला पुढं ढकलून म्हणाला, "फादर, याला द्या. पेगच्या वाटचा."

फादरांनी दिला. चेस्टरला गिळायला बराच वेळ लागला. रांग थांबून राहिली आणि कुणी त्याला घाई केली नाही, दोन्ही टेबलांपैकी कुणीच नाही.

मग युजीन संत जोसेफच्या बाजूला जाऊन बसला आणि चेस्टर आपल्या बाजूला. अजूनही ते तसेच बसतात.