परसों

दिलसुखनगरच्या एका दुकानात परवा ताज्या रेझिनचा वास आला आणि आमची पहिली पाती आठवली. लढाऊ हेलिकॉप्टरची ती पाती आम्हीच रेझिनमध्ये घडवली होती, आणि आमचा विभाग दुसऱ्यात विलीन होण्याआधी ती फिरवून दाखवायची म्हणून सगळे पेटले होते. "बोल्ट कब टाइट करे, चाचा?" बोल्ट कधी आवळले, हे मी म्हाताऱ्या मिस्त्रींना घाईत विचारलं. "परसों करे ना, साब." हैदराबादेत परसों म्हणजे मागे कधीतरी, हे मला, इथल्याच माणसाला, पक्कं ठाऊक, तरी तपासणीच्या वहीत दोन दिवसांपूर्वीची तारीख टाकली, म्हणजे बोल्ट पुन्हा आवळत बसायला नको. पाती फिरली, वाऱ्यानं टोप्या उडाल्या, आमच्या आरोळ्या आम्हालाच ऐकू येईनात, आणि तेवढ्यात सगळा सांगाडा थरथरू लागला. यंत्र थांबवलं, तर बोल्ट सैल. चौकशीला आलेल्या परगावच्या साहेबांनी मला विचारलं, "बोल्ट परवाच आवळले, असं मिस्त्री म्हणाला होता?" मी "हो" म्हणालो, परसोंचा इथला अर्थ सांगितला नाही. मिस्त्री खोटारडे ठरले, त्यांची रवानगी गोदामात झाली. जाताना हळूच म्हणाले, "आपकू तो मालूम था ना, साब?" तेव्हा मी वही मिटून कपाटात ठेवली. मालूम होतं, चाचा. आज लिहून देतो.