दगडातली बाग

लूक आमच्या घरी यायला लागल्यापासून इतके किस्से साठलेत की इथल्या बॉथेल गावच्या आमच्या मराठी बायकांच्या भिशीत मला हल्ली कुणी दुसरं काही विचारतच नाही. सांगते मी, पण त्यातले निम्मे मलाच कळलेले नाहीत.

लूक म्हणजे माझ्या रेवाचा होणारा नवरा. होणारा, पण माझे वडील हो म्हणाले तर. अप्पांनी तासगावला चाळीस वर्षं द्राक्षबाग केली. सध्या ते सहा महिन्यांसाठी इथे परदेशात आमच्याकडे आलेत, आणि रेवाने डिक्लेअर करून टाकलंय, "आजोबा नाही म्हणाले तर मी लग्न करणार नाही." लूकच्या बाबांचीही फ्रान्सला छोटी द्राक्षबाग आहे, वाइनची. मला वाटलं, चला, जमलंच.

*

लूकने फोनवर बागेचा फोटो दाखवला. अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"माती कुठाय?"

लूक खूश. म्हणाला, दगडच आहेत, दिवसभर तापतात आणि वेलींना ऊब देतात, वाइनला चव त्यांचीच!

अप्पा मला किचनमध्ये घेऊन गेले. "पोरगा गुणी आहे गं. पण घरची परिस्थिती बरी दिसत नाही."

*

मग त्या बागेतली बाटली उघडली. माझा नवरा मिलिंद, कोडिंग सोडून ज्याला कशातलं काही कळत नाही, ग्लासात नाक घालून म्हणाला, "ओल्या दगडाचा वास येतोय." लूकने त्याला मिठीच मारली.

"द्राक्षाचा येत नाही का?" अप्पांनी मला हळूच विचारलं. मी वास घेतला. मला तर कसलाच येईना.

*

अप्पांना काळजी लागली. त्यांनी द्राक्षाचे मणी फुगवायच्या औषधाचं प्रमाण कागदावर लिहून लूकला दिलं. "बाबांना दे. टपोरा मणी होतो." लूकचा चेहरा पडला.

रेवा म्हणाली, "आजोबा, वाइनसाठी त्यांना मणी बारीकच हवेत."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

*

पाण्याचा विषय निघाला आणि सगळं बिनसलं. लूक म्हणाला, आम्ही पाणी देतच नाही, वेलीला त्रास झाला की मुळं खोल जातात. रेवाने मराठीत सांगितलं.

अप्पा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "वेलीला त्रास देतात आणि वर कौतुकाने सांगतात. आपल्या पोरीचं काय करतील?"

"अप्पा, त्याला टेरवार म्हणतात," मिलिंद म्हणाला.

"म्हणजे काय?"

मिलिंदने फोनवर शोधून वाचून दाखवलं, "जमिनीची आणि हवेची चव वाइनमध्ये उतरते, ते." रेवा रूममध्ये जाऊन रडली.

*

फेब्रुवारीत लूकचे बाबा भेटायला आले. आमच्या कुंपणावर एक द्राक्षाचा वेल आहे. चहा तसाच सोडून ते तडक त्याच्याकडे गेले आणि कात्री घेऊन छाटायलाच लागले. अप्पा धावले, त्यांचं मनगट धरलं. अप्पा मराठीत, ते फ्रेंचमध्ये. बोटं दाखवून एक म्हणतोय काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब, ठेव, दुसरा म्हणतोय चार. आवाज चढले. पाऊस सुरू झाला तरी दोघं हलेनात.

"आई, दे आर फायटिंग," काचेच्या दाराशी उभी राहून रेवा म्हणाली. "संपलं सगळं."

अर्ध्या तासाने अप्पा निथळत आत आले.

"भयंकर हट्टी माणूस. भिजला, पण वेल सोडला नाही. एक शब्द पटला नाही मला त्याचा."

रेवाने मान खाली घातली.

अप्पांनी डोकं पुसलं, टॉवेल तिच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "मुहूर्त कधीचा बघायचा?"