पलंगाच्या पायातली काच

माझ्या लग्नाचा पलंग मी स्वतः ओढून काढला आहे, हे मी आजही नातसुनांना ऐकवते. वडील नंदुरबारात खरादकाम करायचे. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय. खरादाची दोरी ओढायला एरवी गडी असे, पण माझ्या आंदणाच्या पलंगाला त्यांनी मलाच बसवलं. मी दोरी मागेपुढे ओढायची, सागाचा ठोकळा गरगर फिरायचा आणि ते पटाशी टेकवून त्याला गोलाई द्यायचे. माझे दंड भरून यायचे. "ओढ, ओढ, तुन्हाच पलंग शे," एवढंच त्यांचं सांत्वन.

वडिलांची खरी करामत लाखेत होती. धडगावकडची माणसं डोंगरातली लाख बाजाराला आणत. ती निखाऱ्यावर मऊ करायची, पायात कोरलेल्या खाचेत भरायची आणि गरम असतानाच वर बांगडीच्या काचेचा चुरा दाबून बसवायचा. गार झाली की ओल्या दगडानं घासायचं, कारण पटाशी लावली तर काच तिची धारच खाऊन टाकते. मग तेलाचा हात. उन्हात असा पाय चमकायला लागला की गल्लीतल्या बायका कौतुक करायला येत आणि त्याच तोंडानं वडिलांना नावं ठेवून जात.

नावं ठेवायला कारणही होतं. चुऱ्यासाठी फुटक्या बांगड्या लागत आणि त्या दिसल्या की वडिलांना राहवत नसे. लग्नघर असो, बाजार असो, पाणवठा असो, हे आपले वाकलेच. एकदा गल्लीत दोघी हातघाईवर आल्या, तेव्हा सगळे सोडवायला धावले आणि वडील काच वेचायला. बांगडी फुटली असं आपल्यात म्हणतसुद्धा नाहीत. आणि हा माणूस त्या बायकांना तोंडावर म्हणाला, अजून थोडं भांडा, पायावरचा काचेचा पट्टा पुरा होत नाहीये. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं लग्न सारंगखेड्याला ठरलं होतं. सासरे बैलगाड्या आणि टांगे बांधणारे. त्यांच्या मुलाला मी तिथल्या घोड्यांच्या जत्रेत टांग्याचं चाक बसवताना पाहिलं होतं आणि तो मला फार आवडला होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून हे लग्न मोडू नये यासाठी मी मनातल्या मनात किती देव पाण्यात ठेवले होते, तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

आंदण बघायला सासू-सासरे आले. पलंग अंगणात मांडला होता. सासरे ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. सासूबाईंनी पलंगाच्या पायावरून बोट फिरवलं.

"हाई काय चमकी ऱ्हायनं?"

वडिलांची छाती फुगली. "बांगड्यास्नी काच शे, ईहीनबाई."

"मन्हा पोऱ्याना पलंगले फुटेल बांगड्या? कोन्या?"

इथं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की नव्या आणून फोडल्या. वडील खरं सांगू लागले, तेही पट्ट्यावर बोट ठेवून. "हाई हिरवी शेजारीननी. तिना नवरा अजून तालीममा जास. हाई लाल बाजारमा सापडनी."

"म्हंजे कोनी बाईनी, तिना धनी शे का नही, काही मालूम नही?"

"नही," वडील प्रामाणिकपणे म्हणाले.

दाराआडून मी हे सगळं ऐकत होते. सासूबाईंनी बजावलं, काच काढा, नाहीतर लग्न होणार नाही. वडील म्हणाले, काच बसली ती बसली, लग्नाचं तुम्ही बघा. त्या क्षणी मला असा राग आला की पलंग त्यांच्याच डोक्यात घालावा. मुलगी कुणाची आणि लाड कुणाचे!

"काढाच!" म्हणत सासूबाईंनी पलंगाच्या पायावर हात आपटला आणि त्यांचीच बांगडी फुटली.

 वडील सवयीनं वाकले, तुकडे वेचले, एक उन्हात धरला आणि कितीतरी दिवस शोधलेलं सापडावं तसे हरखले. "हाऊ रंग मी भलता दिनपाईन धुंडी ऱ्हायंतू!"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. तेव्हा सासरे पहिल्यांदा बोलले. "इतली काय घाबरनी? मी आठेच बठेल शे ना, जित्ता!" आणि स्वतःच खदाखदा हसले. हसता हसता त्यांना सुपारीचा ठसका लागला. तो थांबेपर्यंत अंगणात दुसऱ्या कुणी श्वास घेतला नाही.

पाणी पिऊन ते सावरले आणि सासूबाईंची पंचाईत झाली. फुटक्या काचेला अपशकुनी म्हणावं, तर ते स्वतःच्या नवऱ्यावरच येत होतं. तोवर वडिलांनी सळई तापवून आणली होती. त्यांनी त्या लाल पट्ट्यावर ती फिरवली, लाख मऊ केली आणि सासूबाईंची काच तिथं दाबून बसवली. सासूबाईंनी वाकून ती निरखली.

"लगीन व्हई," त्या शेवटी म्हणाल्या. "पन मन्ही बांगडी यामा गयी. आते पलंग मन्हा."

तसंच झालं. लग्न लागलं, पलंग सारंगखेड्याच्या ओसरीवर गेला, त्यावर सासूबाई विराजमान झाल्या आणि आम्हा दोघांना सतरंजी मिळाली. काही दिवसांनी वडील मला बघायला आले. बघायला म्हणजे, आधी पलंगाजवळ बसून त्यांनी चारही पायांवर अंगठा फिरवला.

"एक बी कनी निंघनी नही," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. वडील इतके खूश झाले की त्यांना माझं नावसुद्धा आठवेना. मला भडभडून रडू आलं.

माहेरच्या आठवणीनं रडते आहे असं समजून दोघांनी मला जवळ घेतलं, पलंगावर बसवलं आणि समजूत काढली. मी डोळे पुसले, गादी हातानं दाबून पाहिली आणि पुन्हा मोठ्यानं रडायला लागले.