शीतलताईंची पाटली

जयाला भित्री म्हणणं म्हणजे तिचं कौतुकच. लवळ्याच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत कुणी मोठ्याने शिंकलं तरी तिच्या छातीत धस्स होतं. पण रविवारच्या उपासनेत प्रभुभोजनाला वाटतात ती भाकर करायचं काम मात्र वर्षानुवर्षं तिच्याकडेच. आदल्या दिवशी दुपारी काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच पीठ मळायला घ्यायचं, हा तिचा नेम. नवरा चंद्रकांत रिक्षा चालवतो, पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, आणि तिला तेवढं पुरत होतं. निदान ती कामाला जायची त्या बावधनच्या शीतलताईंच्या फ्लॅटची किल्ली हातात येईपर्यंत तरी पुरत होतं.

शीतलताई मुलाकडे गेल्या आणि झाडांना पाणी घालायचं काम जयावर सोपवून गेल्या. आधी ती नुसतं पाणी घालून परतायची. मग सोफ्यावर जरा टेकू लागली. मग घरी आल्यावर आपल्याच खोल्या तिला कोंदट वाटायला लागल्या, चंद्रकांतच्या शर्टाचा वास सहन होईना.

त्या शनिवारी आरशाखालचा खण उघडायचं तिला काहीएक कारण नव्हतं. तरी उघडला. आत सोन्याची पाटली होती. तिनं ती जोर लावून हातात चढवली आणि आरशात बघत राहिली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात वॉचमन होता, टाकी धुणार म्हणून सांगायला आलेला. जयानं पदराखाली हात लपवला आणि नुसती मान हलवली. तो गेल्यावर पाटली ओढली तर निघेना. साबण झाला, तेल झालं. ओढून ओढून मनगट सुजलं आणि पाटली आणखीच रुतली. शेवटी तशीच घरी निघाली. बसमध्ये प्रत्येक माणूस आपल्या हाताकडेच बघतोय असं तिला वाटत होतं. चांदणी चौकात पोलिसानं गाड्या थांबवायला हात वर केला, तर हिनं हात पदरात आणखी गुंडाळला.

घरी परात पुढे ओढली. तसंच मळावं, कुणाला कळतंय, असं क्षणभर मनात आलं. पण हात पिठापर्यंत जाईना. मग तिनं फोन लावला.

"ताई, तुमची पाटली माझ्या हातात हाय. चोरली न्हाई, पर घातली. आता निघंना."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग शीतलताई म्हणाल्या, "खण उघडलासच का तू?"

"हाव सुटली, ताई."

"उद्या दुपारी मी येतेय. पाटली आणि किल्ली आणून दे. पोलिसांत जायचं का, ते मग बघते. आणि पुन्हा कामाला येऊ नकोस."

जया भिंतीला टेकून बसली आणि दोन्ही हात वर करून प्रार्थना करू लागली. पाटली निघू दे, एवढंसुद्धा तिला मागवेना. 'तू दिलंस ते लई हाय,' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. हात खाली घेतले तेव्हा पाटली सैल झाली होती.

"अगं, हात वर धरले की सूज उतरतेच," मी नंतर तिला म्हटलं.

"उतरत आसंल," म्हणाली.

रविवारी प्रभुभोजनात ती माझ्या शेजारी होती. तिनंच केलेल्या भाकरीसाठी तिनं हात पुढे केला, तर मनगटाभोवती काळंनिळं कडं उमटलं होतं. चंद्रकांतनं मारलं की काय, या विचारानं माझं डोकंच फिरलं. बाहेर पडल्यावर मी तिला धरलं, तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं. रुमालात बांधलेली पाटली तिच्या मुठीत होती. मी म्हटलं, एकटी कशाला जातेस, चल.

रिक्षा चंद्रकांतच चालवत होता. तिचा हात माझ्या हातात, बर्फासारखा गार.

"भीती वाटतेय?" मी विचारलं.

"लई वाटतीया. पर ती ताईंची, पोलिसांची." तिनं मनगटावरून हात फिरवला. "इतके दिस मला माझीच भीती वाटत व्हती. ती आता न्हाई."